पुरवणीच्या दोऱ्याच्या गाठी

माझं अक्षर वाईट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरातल्या काही मंडळींचा अजून समज आहे, की आत्याची लेखनिक म्हणून मला निवडलं ते अक्षर बघून. तसं काही नव्हतं. ज्याला दिसत नाही त्याचा पेपर लिहिणारा त्याच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला हवा, असा नियम होता. आत्या दहावीला बसणार होती. घरातली माझ्यापेक्षा मोठी भावंडं कॉलेजात पोचली होती आणि धाकटी अजून पाढ्यांत अडकली होती. मधे मी एकटी, बारामतीच्या शाळेत नववीत, गणितात दोनदा काठावर तरलेली. नियमात बसत होते, म्हणून बसले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सगळ्यांत धाकटी बहीण, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आठवीत असताना मोठा ताप आला आणि त्यात तिचे डोळे गेले. नंतरची दहा वर्षं ती निरवांगीला आबांजवळ, म्हणजे माझ्या आजोबांजवळ, शेंगा फोडत आणि जोंधळे निवडत बसली. मग कुणीतरी सांगितलं, की पुण्याला अशा मुलींना टेलिफोन ऑपरेटरचं काम शिकवतात आणि नोकरीही लागते. दहावी पास हवी. वयाची अट होती. पुढच्या वर्षी आत्या त्या वयात बसणार नव्हती आणि ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल येईपर्यंत प्रवेश उरकलेले असणार होते. म्हणजे एकच मार्च.

इंदापूरच्या एका शाळेतून बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, त्यामुळे केंद्र इंदापूरला आलं. अभ्यासासाठी आत्या आमच्याकडे बारामतीला राहायला आली, कारण आई वाचून दाखवू शकत होती. दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात बॅटरी मारून विचारलं, "काही दिसतं का?"

"दिसत असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते, डॉक्टर?" आत्या म्हणाली. दाखला लगेच मिळाला.

आई धडे वाचायची आणि आत्या दोरीला गाठी मारायची. ही रीत आबांची. त्यांच्या तरुणपणी आमच्या घरात मेंढरं होती. संध्याकाळी जाळीच्या कुंपणात एकेक मेंढरू आत सोडताना ते मोजायचे, आणि वीस झाली की कमरेच्या लोकरीच्या दोरीला एक गाठ. मेंढरं विकून शेती घेतल्याला किती वर्षं झाली, पण आबांची लोकर कातायची टकळी सुटली नव्हती. त्यांनीच काळ्या लोकरीच्या दोन दोऱ्या वळून दिल्या. एक लांब, अभ्यासाची. तिला धड्याला मोठी गाठ आणि त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला बारकी. आत्या भाकरी थापतानासुद्धा ती दोरी गळ्यात अडकवायची आणि मधेच हात पुसून एक गाठ चाचपायची. दुसरी दोरी साधी, परीक्षेतली. किती प्रश्न झाले ते मोजायला. पेपर सुटताना गाठी सोडायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारायच्या. ती साधी दोरी रोज माझ्या कंपासपेटीत असायची. ती सांभाळणं हे माझं काम.

कामं दोनच होती खरं तर. दोरी सांभाळायची आणि सांगेल तेवढं लिहायचं.

ह्या दुसऱ्या कामाचीच मला जास्त धास्ती होती. केंद्रावरच्या मुख्य सरांनी पहिल्याच दिवशी मला समोर उभं करून सांगितलं होतं, "त्या बोलतील तेवढंच लिहायचं. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. स्वतःचं डोकं लावलंस तर दोघींना रस्टिकेट करीन." रस्टिकेट म्हणजे नेमकं काय करतात ते मला माहीत नव्हतं. त्यात पोलीस असतात आणि फोटो काढतात, एवढं मी मैत्रिणींकडून जमवलं होतं. परिणाम असा झाला, की मराठीच्या पेपरात आत्या निबंध सांगता सांगता "थांब, जरा नाक पुसते" म्हणाली आणि मी ते लिहिलं. लिहिल्यावर खोडलं. खोडल्यावर वाटलं, खोडायची परवानगी आहे का? मग खोडलेल्याच्या वर डाव्या हाताचं बोट दाबून मी पुढची दहा मिनिटं लिहीत होते.

आम्हाला वेगळी खोली दिली होती, प्रयोगशाळेशेजारची. बाकावर आम्ही दोघी आणि समोर खुर्चीत पर्यवेक्षक बाई. अर्धा तास जास्त मिळायचा. बाईंनी पहिल्या दिवशी साधी दोरी हातात घेऊन उलटसुलट केली, "मोजायला होय? असू दे," म्हणाल्या आणि आपल्या शाळेच्या वह्या तपासायला बसल्या. आबा निरवांगीहून येऊन रोज स्टँडवर आम्हाला गाठायचे, केंद्रापर्यंत पोचवायचे आणि पेपर सुटेपर्यंत मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसून राहायचे.

इतिहासाच्या पेपराच्या दिवशी घोटाळा झाला. सकाळी निघेपर्यंत आत्या उजळणी करत होती. दोन्ही दोऱ्या तिच्या मांडीवर. आई म्हणाली, "एसटी जाईल." मी दोरी उचलली, कंपासपेटीत कोंबली, आत्याचा हात धरला आणि पळत सुटले. दोरी जरा जास्त आहे, पेटीचं झाकण नीट लागत नाही, हे मला जाणवलं होतं. मी झाकणावर बसले, म्हणजे एसटीत सीटवर पेटी ठेवून वर बसले. अशी मी हुशार.

पेपर सुरू झाल्यावर मी दोरी काढून आत्याच्या हातात दिली. तिची बोटं एका गाठीवर आली, मग दुसरीवर. तोंड तसंच राहिलं, पण बोटं थांबली.

"ही कुठली आणलीस?" ती इतक्या हळू म्हणाली की बाईंनी मानही वर केली नाही.

मी दोरी ओढायला लागले. आत्यानं ती मुठीत घेतली आणि मूठ मांडीवर ठेवली. "ऱ्हाऊ दे. लिव. पहिला प्रश्न वाच."

मी वाचला. तिनं सांगितलं. मूठ उघडली नाही, हे मी शपथेवर सांगू शकते, कारण मी उत्तरपत्रिकेपेक्षा मुठीकडेच जास्त बघत होते. तीन प्रश्न झाले. चौथा अर्धा झाला होता, तेवढ्यात मैदानात जीप थांबल्याचा आवाज आला आणि सगळी शाळा एकदम गप्प झाली.

भरारी पथक. शेजारच्या वर्गांच्या खिडक्यांतून चिठ्ठ्या बाहेर पडायला लागल्या, ते मला दिसत होतं. लिंबाखालचे आबा उठले. पोरांचे कागद वाऱ्यानं उडाले असं समजून त्यांनी ते एकेक गोळा केले, नीट एकावर एक लावले आणि जीपच्या ड्रायव्हरजवळ नेऊन दिले. "पोरांचं हाय, आत द्या बाबा." ह्या गोष्टीवर आमच्याकडे अजून हसतात. मला त्या वेळी हसू आलं नाही.

पथकातले एक साहेब आमच्या खोलीत आले. परवानगीचं पत्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आत्याच्या मुठीतून लोंबणारं दोरीचं टोक पाहिलं.

"हे काय आहे?"

"दोरी आहे सर," बाई म्हणाल्या. "त्या प्रश्न मोजायला..." आणि आत्यानं मूठ उघडली. बाईंना गाठी दिसल्या. त्यांचं वाक्य तिथंच राहिलं.

साहेबांनी मला विचारलं, "ह्या गाठी कशाच्या?"

"मेंढरांच्या," मी म्हणाले.

"कुणाची मेंढरं?"

"आमच्या आबांची."

"किती आहेत?"

"आता नाहीत."

मी अजून काहीतरी बोलले असते आणि कदाचित आबांना आतही बोलावून घेतलं असतं, पण आत्या मधे पडली.

"साहेब, लेकरू भ्यालंय. मी सांगते. ती अभ्यासाची दोरी हाय. धड्याला मोठी गाठ, मुद्द्याला बारकी. चुकून आली. मीच आणली."

'मीच आणली' हे शब्द मी ऐकले. तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"म्हणजे कॉपीच झाली," साहेब म्हणाले.

"गाठीत काय लिवलंय ते वाचून दावा, मग कॉपी म्हना."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी खरंच एक गाठ चिमटीत धरली, डोळे मिटले आणि काही कळतंय का ते पाहिलं. मग डोळे उघडून म्हणाले, "पंचनामा करावा लागेल."

पंचनाम्यात गाठींची संख्या लिहावी लागते. साहेबांनी मोजल्या, अठ्ठावन्न भरल्या. बाईंनी मोजल्या, त्रेसष्ट. शिपायाला बोलावलं, तो मधेच विसरला. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. आमचा जादा अर्धा तास सगळा त्या मोजणीत जाणार, हे मला दिसत होतं. मला तर बोलायची परवानगी नव्हती. त्या बोलतील तेवढंच. पण आत्या काही बोलत नव्हती, तिला घड्याळ दिसत नव्हतं.

"सर, आमचा वेळ चाललाय," मी म्हणाले. आवाज कोंबडीच्या पिलासारखा निघाला.

"एकसष्ट हायत," आत्या लगेच म्हणाली. "लिवा आन् जावा."

पुन्हा मोजल्या. एकसष्ट भरल्या. दोरी लिफाफ्यात गेली, लिफाफ्यावर लाख लागली, बाईंची सही झाली आणि साहेब गेले. जाताना म्हणाले, "पेपर पूर्ण करा. पुढचं मंडळ ठरवेल."

आत्यानं हात पुढे केला. "बाई, पुरवणी लावायचा दोरा द्या."

अजून पुरवणी लागलीच नव्हती, पण बाईंनी निमूट पांढरा दोरा दिला. आत्यानं त्याला झालेल्या प्रश्नांच्या तीन गाठी मारल्या आणि चौथा प्रश्न जिथं तुटला होता तिथून पुढे सांगायला सुरुवात केली. मी लिहीत होते. बोटं आखडली तेव्हा पेन मुठीत धरून लिहिलं. त्या पानांवरचं अक्षर कुणी वाचू शकलं असेल तर त्या परीक्षकांचे उपकार. आठवा प्रश्न संपला आणि घंटा झाली. बाईंनी तोच दोरा ओढून घेतला आणि त्यानं पुरवण्या बांधल्या. गठ्ठा गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की गाठी सोडायच्या राहिल्या. आठच्या आठ गाठी मंडळाकडे निघाल्या होत्या.

परतीच्या एसटीत आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "तोंड मिटून ऱ्हायचं. दोरी मी आणली. घरीबी हेच सांगायचं."

"पण आत्या, मी..."

"लेखनिकानं आणली म्हनलं की दोघी बुडालो. तुझी दहावी पुढल्या साली हाय. तुला बसू दिली न्हाय तर तुझा बाप मला काय म्हनंल?"

खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. माझ्यावरचं गेलं होतं. घरी आई आत्याला म्हणाली, "एवढी कशी हो विसरभोळी तुम्ही?" त्या रात्री आमच्याकडे आलेले आबा म्हणाले, "मेंढरात असं केलं असतंस तर लांडग्यानं नेलं असतं." आत्या ऐकून घेत होती. मी ताटातली भाजी चिवडत होते. पुढचे अडीच महिने कुणी दोरीचा विषय काढला, की मी पाणी प्यायला उठायचे. आई एकदा म्हणाली, "हिला मधुमेह तर नाही?"

जूनमध्ये निकाल लागला. आत्याच्या नंबरापुढे 'राखीव' होतं. चौकशीला हजर राहा, असं पत्र आलं. मंडळाकडून एक साहेब इंदापूरला येणार होते. पुण्याचे प्रवेश त्याच महिनाअखेर बंद होणार होते.

आम्ही तिघं गेलो. कचेरीच्या बाकावर आबा काठी दोन्ही हातांत धरून बसले. आत टेबलामागे एक वयस्क साहेब, समोर जाड फाईल. ह्या साहेबांचा आवाज इतका मऊ होता की मला अधिकच भीती वाटली.

"तुमचा जबाब लेखी द्यावा लागेल," ते आत्याला म्हणाले. "लिहायला कुणी आहे?"

आत्यानं माझ्या बाजूला हात केला. कोरा कागद माझ्यापुढे आला.

तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी लिहायला. दोरी कशी वळली, गाठी कशाच्या, मोजायची दोरी वेगळी. मग ती म्हणाली, "सदर दोरी मी स्वतः नजरचुकीनं... नजरचुकीनं नको. चुकून आणली. त्यात लेखनिकाचा काई संबंध न्हाय."

त्या बोलतील तेवढंच. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. मी ते वाक्य लिहिलं. प्रत्येक शब्द नीट, काना-मात्रा देऊन. आयुष्यात मी तेवढं सुंदर अक्षर कधी काढलं नाही. मग शाईच्या गादीवर तिचा अंगठा टेकवला आणि कागदावर उमटवला.

कागद माझ्या हातात होता. साहेब पान लावत होते. अंगठ्याखाली बोटभर जागा होती. माझ्या डोक्यात तेव्हा काही थोर विचार आला असेल, असं वाटत असेल तर तो आला नाही. फक्त आईचं 'विसरभोळी' आठवत होतं. मी अंगठ्याखाली लिहिलं, 'दोरी मी आणली. घाईत. लेखनिक.'

कागद पुढे केला.

साहेबांनी तो मोठ्यानं वाचला. ते असं वाचतात हे मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या ओळीला आल्यावर आवाज जरासा थांबला, मग तीही वाचली. टेबलाखाली आत्याची बोटं माझ्या मांडीत रुतली. तो वळ चार दिवस होता.

"हे तुम्ही सांगितलंत?"

"न्हाय," आत्या म्हणाली.

साहेब माझ्याकडे वळले. "काय लिहिलंस ते कळतंय तुला?"

"हो."

"मग आधी का सांगितलं नाहीस?"

"भीती वाटत होती."

"आता वाटत नाही?"

"वाटतेय."

त्यांनी लिफाफा फोडला आणि दोरी आत्याच्या हातात दिली. मधली एक मोठी गाठ तिच्या बोटाखाली ठेवून म्हणाले, "ही कशाची?" आत्यानं दोरी हलकेच परत टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेतले. तसंच, रिकाम्या हातांनी, तिनं तो धडा सांगितला. पुढचाही सांगायला लागली. साहेबांनी हात वर केला, पण तो तिला दिसणार नव्हता, म्हणून तोंडानं म्हणावं लागलं, "पुरे."

मग त्यांनी फाईलमधून उत्तरपत्रिका काढली. पुरवण्यांच्या पांढऱ्या दोऱ्याला बोट लावलं. मला वाटलं, आता संपलं.

"आणि ह्या आठ?"

"प्रश्न मोजल्याल्या. दोरी तुमी नेली, मग कशानं मोजू?"

साहेबांनी काहीतरी बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं ते सांगितलं नाही. "कळवू," एवढंच म्हणाले. आत्या उठताना म्हणाली, "आमची दोरी?" ते म्हणाले, पुरावा आहे, परत देता येत नाही. बाहेर आबांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "लोकर हाय घरी. दुसरी वळू."

एसटीत आत्या माझ्या शेजारी बसली. मी खिडकीशी बसून पुढच्या वर्षी मला कुठल्या शाळेतून काढतील ह्याचा हिशोब करत होते. मग ती म्हणाली, "एक ओळ जास्त लिवलीस."

"हो."

"अक्षर तरी बरं काढलंवतंस का?"

"नाही. तेवढी घाईत लिहिली."

निकाल नवव्या दिवशी आला. इतिहासाला काठावर, बाकी बरे. पास. आईनं गुणपत्रिका तीनदा वाचून दाखवली, कारण आत्या दर वेळी "इतिहास परत वाचा, वैनी" म्हणत होती. मग आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तरी पाणी पिणं थांबव." कचेरीच्या बाकावरून सगळं ऐकलेल्या आबांनी सांगितलं होतं तिला. प्रवेशाला चार दिवस उरले होते. आत्या पुण्याला गेली आणि पुढे एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर बसली.

मला कुणी काही केलं नाही. पत्र येईल म्हणून वर्षभर मी पोस्टमनच्या सायकलची घंटा ओळखायला शिकले. पत्र आलं नाही. पुढच्या मार्चमध्ये मी बारामतीच्या केंद्रावर दहावीला बसले, इतिहासाच्या पेपराला पुरवणी आधीच मागून ठेवली आणि पर्यवेक्षकांनी पांढरा दोरा दिला. दुसऱ्या प्रश्नाच्या अर्ध्यात पाहते तर माझ्या डाव्या हातानं दोऱ्याला एक गाठ मारून ठेवली होती. पर्यवेक्षक माझ्याच रांगेत येत होते. मी ती नखांनी सोडवायला घेतली. घट्ट बसली होती, सुटायला फार वेळ लागला.